विश्लेषण : चोडणचे पक्षी कोणाच्या बांधावर? अभयारण्य, खाजन शेती आणि रो-रो फेरीचे गणित…

पणजीपासून पाच-सहा किलोमीटरवर रायबंदरचा धक्का आहे. तिथून फेरीबोटीत बसायचे, मांडवी ओलांडायची आणि चोडण बेटावर उतरायचे. समुद्रकिनारा नाही, शॅक नाहीत, रात्रभर चालणारे संगीत नाही. आहे ते खारफुटीचे जंगल, भातखाचरे, चर्च, मंदिरे आणि पक्षी. गोव्यात राहूनही गोव्याच्या गर्दीपासून दूर जायचे असेल तर पक्षीनिरीक्षक गेली अनेक वर्षे याच बेटाचे नाव सुचवत आले आहेत. जुलै २०२५ मध्ये रायबंदर-चोडण मार्गावर रो-रो फेरीसेवा सुरू झाली आणि बेटावर गाडी घेऊन जाणे पूर्वीपेक्षा सोपे झाले. त्यामुळे जुनाच प्रश्न नव्याने समोर आला आहे. लोक जे पाहायला चोडणला जातात, ते नेमके कशामुळे टिकून आहे आणि पुढे टिकेल का?

चोडण बेट कुठे आहे?

चोडण हे तिसवाडी तालुक्यातील, मांडवीच्या मुखाजवळचे बेट. शेजारी दिवाडी बेट. रायबंदर आणि पोंबुर्फा या दोन्ही बाजूंनी फेरीबोट आहे, तर डिचोलीच्या बाजूने मये गावातून रस्त्यानेही बेटावर येता येते. म्हणजे चोडण जगापासून तुटलेले नाही. मात्र पणजीला नोकरीसाठी, महाविद्यालयासाठी किंवा इस्पितळात जाणाऱ्यांसाठी फेरीबोट हाच जवळचा मार्ग आहे. पर्यटकांच्या दृष्टीने फेरी म्हणजे सहलीतली गंमत. बेटावरच्या माणसाच्या दृष्टीने ती रोजची बस आहे. २०२३ मध्ये दुचाकींना फेरीचे शुल्क लावण्याचा प्रस्ताव आला तेव्हा बेटांवरून कडाडून विरोध झाला आणि सरकारला तो स्थगित ठेवावा लागला, त्याचे कारण हेच.

अभयारण्य किती मोठे आहे?

उत्तर ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. बेटाच्या पश्चिम टोकाला असलेले डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य अवघे १.७८ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे ४४० एकर आहे. ते १९८८ मध्ये घोषित झाले. मुंबईत जन्मलेले आणि भारतीय पक्षीशास्त्राचा पाया घालणारे सालिम अली त्याच्या आदल्या वर्षी, १९८७ मध्ये निवर्तले होते. महाराष्ट्रातील वाचकांना त्यांची जयंती वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. ५ नोव्हेंबर ही मारुती चितमपल्ली यांची जयंती आणि १२ नोव्हेंबर ही सालिम अलींची; या दोन तारखांमधला आठवडा राज्यात ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा होतो.

अभयारण्याचे प्रवेशद्वार चोडणच्या फेरी धक्क्यापासून चालत काही मिनिटांवर आहे. आत खारफुटीतून जाणारी पायवाट आणि एक निरीक्षण मनोरा आहे. भरती असेल तेव्हा होडीतून खाडीच्या आतल्या फाट्यांमध्ये जाता येते. तिवर, कांदळ, चिप्पी या खारफुटीच्या झाडांची मुळे चिखलातून वर आलेली दिसतात. चिखलात हवा नसते, म्हणून ही मुळे बाहेर येऊन श्वास घेतात. ओहोटीला त्याच चिखलावर निवट्या मासे उड्या मारतात आणि एकच नांगी भली मोठी असलेले छोटे खेकडे ती नांगी हलवत बसलेले असतात.

पक्ष्यांचे म्हणाल तर खंड्याच्या अनेक जाती, बगळे, रातबगळे, ब्राह्मणी घार, समुद्र गरुड, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे तुतवार व त्यांचे भाऊबंद. नशीब असेल तर टक्कल असलेला, माणसाच्या कमरेच्याही वर पोहोचणारा ‘लेसर ॲडज्युटंट’ जातीचा करकोचा दिसतो. त्यासाठी मात्र बहुतेक वेळा अभयारण्याच्या बाहेर, शेतात पाहावे लागते. मुद्दा इथूनच सुरू होतो.

पक्षी अभयारण्यात राहतात, मग शेतात काय करतात?

दाट खारफुटी ही पक्ष्यांना रात्री उतरायला, घरटी करायला आणि लपायला उत्तम जागा आहे. पण लांब पायांच्या, चिखलात चोच खुपसून किडे, शंख-शिंपले, कोळंबी शोधणाऱ्या पक्ष्याला उघडी, उथळ पाण्याची जागा लागते. भरती चढली की खाडीकाठचा चिखल पाण्याखाली जातो. तेव्हा हे पक्षी कुठे जाणार? बांधाच्या आतल्या भातखाचरांत, जिथे पाणी घोट्याएवढेच असते. थोडक्यात, झोपायला अभयारण्य आणि जेवायला शेत.

वेळापत्रकही जुळून येते. पावसाळ्यात शेतातला खार धुऊन निघतो आणि भात लावला जातो. ऑक्टोबरच्या सुमारास कापणी होते. शेते रिकामी, ओली आणि किड्यामाशांनी भरलेली असतात, नेमके तेव्हाच स्थलांतरित पक्षी येऊन पोहोचतात. वन खात्याच्या नकाशावर अभयारण्याची हद्द आखलेली आहे. पक्ष्यांच्या नकाशात ती नाही.

खाजन म्हणजे काय?

या शेतांना गोव्यात ‘खाजन’ म्हणतात. रायगड-रत्नागिरीच्या वाचकांनी खारजमीन डोळ्यांसमोर आणावी, कल्पना तीच आहे. खाडीकाठची जमीन, जी एरवी दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याखाली गेली असती, ती चिखल, जांभा दगड आणि पेंढा वापरून घातलेल्या बांधाने अडवायची आणि आत शेती करायची. गोव्यातील खाजन जमीन साडेसतरा ते अठरा हजार हेक्टर असल्याचे सांगितले जाते. पोर्तुगीज १५१० मध्ये आले, त्याच्या कितीतरी आधीपासून हे बांध आहेत.

यातला सर्वांत हुशार भाग म्हणजे ‘मानस’. रायगडात त्याला उघाडी म्हणतात. बांधात लाकडी दारे बसवलेली असतात. ती शेताकडून खाडीकडेच उघडू शकतात. भरतीला बाहेरच्या पाण्याचा दाब दारांवर येतो आणि ती आपोआप घट्ट मिटतात. ओहोटीला बाहेरची पातळी खाली जाते, आतले पावसाचे पाणी दारे ढकलते आणि बाहेर पडते. वीज नाही, मोटर नाही, सेन्सर नाही. चंद्राच्या गणितावर चालणारी ही एकमार्गी झडप आहे. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकात ‘नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह’ म्हणून जे शिकवले जाते, ते इथल्या सुताराने आणि शेतकऱ्याने शतकानुशतके सागवान-फणसाच्या भाषेत सोडवले आहे.

मानसाच्या आत ‘पोंय’ नावाचा खोलगट पाणवठा असतो. जास्तीचे पाणी आधी तिथे जमते, मासे-कोळंबी तिथे वाढतात. शेतात कोरगुटसारखे, थोडा खार सहन करणारे भात लावतात. आणि मानसाच्या तोंडाशी मासेमारी करण्याच्या हक्काचा लिलाव होतो. एकाच जमिनीतून भात, मासे आणि मिठागर असेल तर मीठही. पक्ष्यांना आणि पाणमांजरांना हे सारे आयते मिळते.

पाणमांजरांचा संबंध काय?

चोडणला येणारे बहुतेक जण पक्ष्यांसाठी येतात. पण बेटावरचा सर्वांत महत्त्वाचा प्राणी कदाचित पाणमांजर आहे. कोकणात त्याला ऊद किंवा हुदाळे म्हणतात. इथे आढळते ते तुळतुळीत अंगाचे ‘स्मूद-कोटेड ऑटर’. ते कुटुंबाने राहते, मासे खाते आणि ठरलेल्या जागी विष्ठा टाकते. त्यात माशांचे खवले चमकतात. त्यावरूनच अभ्यासक त्यांचा माग काढतात. या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ मध्ये ‘साइटिस’ कराराखाली सर्वांत कडक बंदी आली. ‘वाइल्ड ऑटर्स’ ही संशोधन संस्था चोडणमधूनच काम करत आली आहे.

पाणमांजराला विसाव्यासाठी काठ लागतो आणि शिकारीसाठी उथळ पाणी. खाजनाचा बांध आणि पोंय ही जोडी त्याला दोन्ही देते. अर्थात मानसाचा लिलाव घेणाऱ्या माणसाला हे कौतुक वाटेलच असे नाही. जाळे फाडून मासे नेणारा प्राणी त्याच्या लेखी चोरच. निसर्गप्रेमी पर्यटक आणि गावातला मासेमार यांच्यातले हे अंतर माहितीफलक लावून मिटणारे नाही.

याच खाड्यांमध्ये मगरीही आहेत. मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यातील मगरी प्रसिद्ध आहेत, आणि त्या गोड्या पाण्यातल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ‘मगर’ जातीच्या असूनही खाऱ्या पाण्यात राहतात. फोंडा तालुक्यात दुर्भाट-बोरी परिसरात पौष महिन्यात चिखलाची मगर करून पुजण्याची ‘मानगे थापणे’ ही प्रथा आहे. बांध सलामत राहो, शेत बुडू नये, ही त्यामागची भावना सांगितली जाते. बांध फुटण्याची भीती किती खोलवर होती, हे त्यातून कळते.

मग अडचण कुठे आहे?

बांधाची देखभाल करणारा माणूस कमी होत चालला आहे. पूर्वी हे काम गावकरी संस्थेकडे, म्हणजे कोमुनिदादकडे होते. बांधाला भोक पडले की लगेच बुजवायचे, मानसाची दारे वेळेवर बदलायची, हे सामूहिक शिस्तीने चाले. अलिबाग-पेण भागात श्रमदानातून बांध राखण्याची ‘जोळ’ पद्धत होती, तसेच काहीसे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर जमीन कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, ते न्याय्यच होते. पण बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली, आणि सर्वच संघटना सारख्या सक्षम राहिल्या नाहीत. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायचा, म्हणजे फाइल फिरणार. भरती मात्र फाइलसाठी थांबत नाही.

दुसरे कारण पैशाचे. भातापेक्षा कोळंबीला भाव जास्त. मानसाचा लिलाव घेणारा भरतीला दारे उघडी ठेवून खारे पाणी आत घेतो, अशी तक्रार गोव्यातील खाजन गावांत जुनी आहे. खार वाढला की भात जातो. भात गेला की शेतकरी बांधाकडे पाहत नाही. खनिजवाहू बार्जच्या लाटांनी बांध झिजतात, हीही मांडवीकाठची जुनी तक्रार. २०१८ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या तेव्हा ही वाहतूक आटली होती. २०२४ पासून खाणी पुन्हा टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या आहेत.

खारफुटी वाढली तर चांगलेच ना?

इथे उत्तर सरळ नाही. बांध फुटला, खारे पाणी आत आले आणि दुरुस्ती झाली नाही, तर पडीक शेतात काही वर्षांत खारफुटी उगवते. उपग्रहाच्या छायाचित्रात तो हिरवा डाग वाढलेला दिसतो. वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात गोव्यातील खारफुटी २७ चौरस किलोमीटर नोंदली आहे, आणि आकडा वाढला की बातमी आनंदाचीच होते. पण एकदा खारफुटी आली की किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार ती तोडता येत नाही. एक हजार चौरस मीटरहून मोठ्या खारफुटीभोवती ५० मीटरचा संरक्षित पट्टाही येतो. म्हणजे शेतकऱ्याने उद्या बांध दुरुस्त करायचे मनावर घेतले, तरी शेत परत मिळेलच असे नाही. पर्यटक ज्या जंगलाचे छायाचित्र काढतो, ते कोणाच्या तरी बुडालेल्या शेतावर उभे असू शकते.

किनारपट्टी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र तरतूद होती. खाजन जमिनींचे नकाशे करावेत, त्यांचा व्यवस्थापन आराखडा तयार करावा आणि तिथे विकासकामांना परवानगी देऊ नये, असे त्यात म्हटले होते. शेतजमीन बिगरशेतकऱ्यांना विकण्यावर निर्बंध घालणारा कायदाही गोवा विधानसभेने २०२३ मध्ये केला. कागदावर खाजन सुरक्षित आहे. मात्र कायदा बांधकाम रोखू शकतो. बांधावर माती टाकायला माणूस पाठवू शकत नाही. बेटाला आज अधिक गरज त्या दुसऱ्या गोष्टीची आहे.

रो-रो फेरीने काय बदलेल?

नव्या रो-रो फेरीबोटीत एका वेळी सुमारे १५ चारचाकी, ३० दुचाकी आणि १०० प्रवासी मावतात. रोज रांगेत तासन् तास उभे राहणाऱ्या चोडणकरांना त्याचा फायदा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. बेट शांत राहावे म्हणून तिथल्या रुग्णाने धक्क्यावर ताटकळावे, ही अपेक्षा शहरातून आलेल्या पाहुण्याने करू नये.

पण आकडे मांडून पाहायला हरकत नाही. समजा, चढ-उतार धरून एका बोटीच्या जाऊन-येऊन फेरीला ४० मिनिटे लागली आणि दोन बोटी चालल्या, तर तासाला ४५ चारचाकी बेटावर उतरू शकतात. बेटावरचे रस्ते गावातले आहेत. काही ठिकाणी समोरून गाडी आली की एकाला मागे घ्यावी लागते, आणि दोन्ही बाजूंना खाजन. गाड्या लावायला जागा हवी म्हटले की भर टाकायची मागणी येते. गोव्यात २०२४ मध्ये एक कोटीहून अधिक पर्यटक आले, असे सरकारी आकडेवारी सांगते. त्यांतला शंभरातला एक जरी हिवाळ्याच्या सहा महिन्यांत चोडणला वळला, तरी दिवसाला साडेपाचशे माणसे होतात. एक पायवाट आणि ४४० एकर जंगल यांच्यासाठी हा आकडा लहान नाही.

यातून बेटाला मिळते काय, हा पुढचा प्रश्न. पर्यटक पणजीत किंवा कळंगुटला राहतो, सकाळी गाडीने येतो, तासभर पायवाट चालतो आणि परत जातो. अभयारण्याचे तिकीट सरकारजमा होते. पक्ष्यांना खाऊ घालणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती त्यातले काहीच येत नाही.

दुसरीकडे काही वेगळे घडले आहे का?

घडले आहे, आणि फार लांब नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे समुद्री कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येतात. ते गावातल्याच घरांत राहतात, तिथेच जेवतात. कासवाचे अंडे विकण्यापेक्षा पाहुण्याला जेवू घालणे फायद्याचे, हे गावाला एकदा पटले आणि कासवे वाचली. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत महिला बचत गटाने खारफुटीची सफर सुरू केली. होडी वल्हवणाऱ्या आणि झाडांची नावे सांगणाऱ्या महिला गावातल्याच आहेत.

चोडणमध्ये याची नक्कल जशीच्या तशी करता येणार नाही. कासवाचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा, बांधाचे काम बारा महिन्यांचे. शिवाय वेळासला वाचवायचे होते ते घरटे, इथे वाचवायची आहे ती शेती. तरीही तिकिटाचा किंवा फेरीतून येणाऱ्या पर्यटक वाहनांच्या शुल्काचा ठरावीक हिस्सा खाजनाच्या बांधासाठी राखून ठेवणे, बेटाबाहेरच्या खासगी गाड्यांसाठी रायबंदरलाच वाहनतळ करणे, या गोष्टींना नवा कायदा लागत नाही. लागतो तो निर्णय.

जायचे असेल तर?

ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. गाडी रायबंदरला ठेवून पायी फेरीत चढता येते, कारण प्रवेशद्वार धक्क्याजवळच आहे. निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ पाहावी. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. ओहोटीला चिखलावर पक्षी दिसतात, भरतीला होडी आत जाते आणि पक्षी शेताकडे वळतात. दोन्ही पाहायचे तर अर्धा दिवस हाताशी हवा. भडक कपडे, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावणे आणि ड्रोन टाळावेत. शेताच्या बांधावरून चालण्याआधी जवळ कोणी असेल तर विचारावे. तो बांध नुकताच लिंपलेला असू शकतो आणि ओल्या मातीत पडलेल्या पावलाच्या खळग्यातूनही पाणी वाट काढते. दुपारचे जेवण बेटावरच घ्यावे. मासे बहुधा त्याच मानसाच्या तोंडाशी पकडलेले असतील.